आत्यांची बशीतली पोरं

आमच्या दातांच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे आत्या म्हणतात. मी खाली भट्टीपाशी बसून सिरॅमिकचे दात करतो. त्या वरच्या मजल्यावर छोट्या बशांमध्ये हिरडीच्या पेशी वाढवतात. दातावर आम्ही जी झिलई चढवू, ती माणसाच्या तोंडात घालायच्या लायकीची आहे की नाही, हे आधी त्या पेशी सांगणार. आत्या त्यांना पोरं म्हणतात. पोरांना दिवसाआड ताजं गुलाबी खाद्य लागतं, सदतीस अंशांची ऊब लागते, आणि ती रविवार पाळत नाहीत. आत्यांचे यजमान एकदा मला म्हणाले, "मला ताप आला तरी ही आधी तिकडचं तापमान विचारते."

तर माझी नवी झिलई. दोन वर्षं मी तिच्या मागे हात धुऊन लागलो होतो. कमी आचेवर बसते, आणि आपला दात कुठला, बसवलेला कुठला, हे जिभेलाही कळत नाही. नाण्याएवढ्या सहा चकत्या केल्या, तीन झिलईच्या, तीन साध्या, आणि पोरांच्या बशीत ठेवायला आत्यांच्या हवाली केल्या. चकतीभोवतीच्या पेशी मेल्या तर झिलई बाद आणि माझी दोन वर्षं पाण्यात.

दुसऱ्या दिवशी मी चहाही न घेता जिना चढलो. अंगात नुसतं वारं शिरलं होतं. आत्या सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. आत्या बस म्हणाल्या की समजायचं.

साध्या चकत्यांभोवती पोरं मजेत होती. माझ्या तिन्ही चकत्यांपाशी मेली होती.

"लिहा नापास," मी म्हटलं. राग आला होता, आणि तो उगाचच आत्यांवर. दुसऱ्या कुणी खरंच तसं लिहून जेवणाचा डबा उघडला असता.

"फार घाई तुला. इकडे ये, नीट बघ."

जिवंत पेशी हातपाय पसरून बशीला चिकटते. मरायला टेकली की गोळा होऊन सुटते. गोळे होते, पण चकतीच्या एकाच कडेला. बाकी तिन्ही बाजूंना पोरं ऐसपैस पसरलेली, पार झिलईला खेटून.

"झिलई चौफेर आहे ना रे?"

"हो."

"मग विष एकाच बाजूला कसं? तिथं काय केलंस?"

मी आठवू लागलो आणि माझे कान तापले. सहाही चकत्या दिसायला अगदी सारख्या. माझ्या ओळखू याव्यात म्हणून भट्टीतून काढल्यावर मी प्रत्येकीच्या मागे, कडेला, मार्करने एक ठिपका दिला होता. कौतुकानं, दुसरं काय.

"ठिपका," मी पुटपुटलो. "पेनचा."

आत्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अरे शहाण्या, माझ्या पोरांना तू शाई पाजलीस."

त्याच दिवशी मी बिनठिपक्याच्या नव्या चकत्या केल्या. आत्यांनी मुद्दाम एका साध्या चकतीला माझ्याच पेनने ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी त्या ठिपक्यापाशी पेशी मेलेल्या, आणि माझ्या झिलईभोवती जागा पुरेना इतकी गर्दी. मी अक्षरशः उड्या मारल्या. अहवालात त्यांनी पहिलं नापास आणि माझा ठिपका, दोन्ही लिहिलं. मी गयावया केली, त्या बधल्या नाहीत.

"अजून बऱ्याच चाचण्या आहेत, नाचू नकोस," असं म्हणून त्यांनी हातमोजे काढले, हात धुतले आणि गालात बोट घालून डावीकडची अर्धी तुटलेली दाढ मला दाखवली. "सगळ्या पार पडल्या की या झिलईची पहिली टोपी या दाढेवर. माप आत्ताच घेऊन ठेव."

माप घ्यायचं सामान आणायला मी दोन-दोन पायऱ्या उतरत सुटलो. तीस वर्षं आत्या लोकांच्या झिलयांना हो-नाही म्हणत आल्या होत्या. स्वतःच्या तोंडासाठी त्यांनी आजवर एकही मागितली नव्हती.