चिठ्ठी नसलेला शर्ट

एका मेलेल्या माणसाचा शर्ट आमच्या घरी चार दिवस राहिला आणि त्या चार दिवसांत त्यानं स्वतःला काळाप्रमाणे बदलून घेतलं.

हे वाक्य मी फार विचार करून लिहिलं आहे. (देवनागरी मी कॉलेजात गेल्यावर शिकलो, त्यामुळे मला प्रत्येक वाक्य विचार करूनच लिहावं लागतं.) पण यापेक्षा सोप्या शब्दांत ती गोष्ट सांगता येत नाही.

आमचं घर तंजावरला; घरात मराठी, शाळेत तमिळ. पुढच्या खोलीत अप्पांचं शिवणकाम, मागच्या खोलीत आम्ही. अप्पा शाळांचे गणवेश शिवत आणि स्काउटांचे खाकी शर्ट. कोपऱ्यावरच्या हॉटेलात तेव्हा नुकतीच केबल आली होती आणि तिरुप्पूरहून तयार कपड्यांचे गठ्ठे यायला लागले होते. स्काउटांचे बॅजसुद्धा यंत्रावर भरलेले, प्लास्टिकच्या पिशवीतून येत. हातानं भरतकाम करणाऱ्या अप्पांना आता दिसतही कमी होतं. रोज सकाळी मी कॉलेजला निघण्याआधी ते माझ्यापुढे सुया ठेवत, "ओवून दे रे." मी एका हातात इतिहासाची टिपणं धरून त्या ओवत असे. दोरा कुठला, रंग कुठला, याकडे माझं लक्ष नसे. मी कॉलेजात जाणारा माणूस!

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटे, याला सगळं कळतं. मला काहीच कळत नाही हे त्यांना कळू नये, एवढीच माझी धडपड असे.

पहिल्याच वर्षी इतिहासाच्या प्राध्यापकांनी प्रदर्शन ठरवलं : 'बदलत गेलेल्या वस्तू'. कुणी दिवे सांगितले, कुणी कुलपं. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी घाबरून डोळ्यांपुढे आलं ते बोललो.

"स्काउटांचे बॅज, सर."

"वा! जुने नमुने आहेत?"

"आहेत, सर," मी म्हणालो. नव्हते.

म्हणून मी बस पकडून तिरुवैयारुला गेलो. तिथे एक निवृत्त स्काउटमास्तर राहत. आमच्यातलेच, मराठी बोलणारे. त्यांनी मला दुपारभर बॅजांचा इतिहास सांगितला. पहिले बॅज हातानं भरलेले, खाकी गोल तुकड्यावर, आणि प्रत्येकावर वर इंग्रज राजाचा मुकुट. मग राजा गेला, मुकुट गेला. मग रंग आले. मग यंत्र आलं, आणि सगळ्या चित्रांना एकसारखी चकाकी आली. "पूर्वी दोन मुलांच्या निरीक्षक बॅजवरचे डोळे सारखे नसत," मास्तर म्हणाले. "ज्यानं भरला, त्याच्यासारखा डोळा."

मग ते आत गेले आणि एक शर्ट घेऊन आले. बाहीवर तीन जुने बॅज : स्वयंपाक्याची पळी, वाटाड्याचा न पेटलेला कंदील, निरीक्षकाचा अर्धा मिटलेला डोळा. तिन्हींवर मुकुट. त्यांच्याखाली एक रिकामी गोल जागा.

"माझ्या अण्णाचा, थोरल्या भावाचा," मास्तर म्हणाले. "विसाव्या वर्षी कावेरीत गेला. हा एवढाच राहिलाय. आज सोमवार. तक्ता काढायला ने, शुक्रवारी आण. जसा आहे तसा."

"जसा आहे तसा," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. (याच हातानं पुढे काय काय केलं ते येईलच.)

शर्टाच्या गुंडीला दोऱ्यानं एक जुनी चिठ्ठी बांधलेली होती. अक्षरं मोडी. मला वाचता आली नाहीत, पण मोडी म्हणजे इतिहास! हरवू नये म्हणून मी ती बसमध्येच सोडवून घेतली आणि वहीत जपून ठेवली.

आता अडचण अशी, की आमच्या घरात मेलेल्या माणसाचा कपडा येत नाही. हा अप्पांचा नियम. गिऱ्हाईक वारलं की अप्पा वहीतलं त्याचं माप खोडतात, आणि त्याचा कपडा उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. "माप संपलेल्या माणसाला पुन्हा मापायचं नाही," असं म्हणतात. मग शर्ट ठेवायचा कुठं? मी डोकं चालवलं. कपडा लपवायला कपड्यांसारखी जागा नाही! पुढच्या खोलीत खुंट्यांवर दहाबारा खाकी शर्ट टांगलेले होते. त्यांच्यामागे मी हाही टांगला आणि स्वतःवर खूश होऊन जेवायला बसलो.

मंगळवारी दुपारी चारला मी कॉलेजातून आलो. वीज गेलेली. अप्पा बाहेर गेलेले. खोलीत नव्या कापडाचा आणि इस्त्रीतल्या राखेचा वास. मी खाकी शर्ट बाजूला सारले.

पळीवरचा मुकुट नव्हता.

पळीही ती नव्हती. जुनी बारीक, थोडी वाकडी होती. ही सरळ होती, चकचकीत होती, आणि हिच्यातून वाफ निघत होती! मी डोळे चोळले. वाफ तशीच. मी शर्ट सोडला आणि मागच्या खोलीत जाऊन अम्मापाशी बसलो.

"काय रे, तोंड उतरलंय?"

"काही नाही."

"पोरगी आहे?"

"अम्मा!"

"मग ऊन लागलंय," अम्मा म्हणाली आणि तिनं मला ताक दिलं.

बुधवारी कंदील पेटला.

मी हे उगाच सजवून सांगत नाही. सोमवारी तो कंदील काळा, विझलेला होता. बुधवारी त्यात पिवळी ज्योत होती, आणि मुकुट नव्हता. मी माझ्या तक्त्यावर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'बॅजांची चित्रं हळूहळू, पिढ्यापिढ्यांनी बदलत गेली.' आणि इथं माझ्यासमोर रोज एक पिढी जात होती! मास्तरांचा अण्णा विसाव्या वर्षी गेला, आणि आता राहिलेली वर्षं भराभर जगून घेतोय, असं माझ्या मनात आलं. ते एकदा आलं, ते गेलं नाही.

कुणाला सांगायचं? अप्पांना सांगितलं तर आधी नियम मोडल्याचं सांगावं लागणार. मास्तरांना सांगायचं तर काय, 'तुमचा अण्णा बदलतोय' म्हणून? शर्ट तिथून काढायचा म्हटलं तर त्याला हात लावावा लागणार. यातलं काहीच मला जमण्यासारखं नव्हतं. मी गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे अप्पांच्या सुया ओवल्या आणि कॉलेजला गेलो.

दुपारी आलो. डोळा उघडा होता.

सोमवारी अर्धा मिटलेला तो डोळा आता पुरता उघडून माझ्याकडे बघत होता. मी डावीकडे सरकलो. तो बघत होता. मी उजवीकडे सरकलो. तो बघतच होता! मी भिंतीला पाठ लावून दारातून बाहेर पडलो, ते पाहून अम्मानं ताक वगैरे सोडून सरळ मीठ-मिरच्या आणल्या आणि माझी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका अजिबात आला नाही.

"पाहिलंस?" अम्मा म्हणाली. "जबरी दृष्ट आहे. कुणाचा डोळा लागलाय तुला?"

मला ठाऊक होतं कुणाचा. पण सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी मला कॉलेज नव्हतं, बारापर्यंत लायब्ररी होती. आल्याआल्या धीर केला. शर्ट न्यायचाच होता. आता बाहीवर बदलायला काही उरलंही नव्हतं. तिन्ही बॅज नवे झाले होते, खाली फक्त ती रिकामी गोल जागा. मी शर्ट ओढला.

गोल रिकामा नव्हता. त्यात पाणी होतं. तीन लाटा, आणि लाटांतून वर आलेला एक हात. हा यंत्राचा नव्हता. जुन्या मातकट दोऱ्यानं, हातानं भरलेला. मी त्यावर बोट ठेवलं.

बोट ओलं झालं.

मी ओरडलो. कसा ओरडलो ते सांगत नाही, पण समोरचा इडलीवाला पळी घेऊन धावत आला. (मी त्याची पळी पाहून पुन्हा ओरडलो.) मागून अप्पा आले, तोंडात दोरा.

"काय झालं? सुई टोचली?"

"अप्पा! कावेरी! शर्टातून पाणी येतंय!"

"येणारच," अप्पा म्हणाले. "पाणी मारूनच ठेवलाय. कापड जुनं, कोरड्यावर टाका ओढला तर फाटेल."

मी खाली बसलो.

"तुम्ही? चारही?"

"मग कोण? रोज एक. अकराच्या उजेडात तेवढंच दिसतं मला." त्यांनी दोरा तोंडातून काढला. "चिठ्ठी नव्हती ना त्याला."

हे मला सांगायला नको होतं! आमच्या दुकानाचा हा कायदा मी अक्षरं शिकण्याआधी शिकलो होतो. चिठ्ठी असेल तर मापाचं काम. स्काउट शर्टाला चिठ्ठी नसेल, तर काम एकच : जुने बॅज काढून नवे लावायचे. आणि चिठ्ठी मीच काढली होती. सुयाही मीच ओवल्या होत्या. मंगळवारची, बुधवारची, गुरुवारची, आज सकाळचीही. भुताला दोरा मी रोज नेमानं पुरवत होतो!

मी सगळं सांगून टाकलं. मेलेल्याचा कपडा म्हटल्यावर अप्पा हात पुसून उभे राहिले. मग म्हणाले, "चल. मी येतो मास्तरांकडे."

"आणि हा चौथा, अप्पा? तिथं तर काही नव्हतं."

"होतं रे. कुणीतरी उसवलेलं. टाका जातो, भोक राहतं." त्यांनी बाही उजेडात धरली. "हे बघ, लाट. ही लाट. हा हात. पिशवीत असला बॅज नाही, म्हणून भोकांवरून भरला."

तिरुवैयारुपर्यंत अप्पा शर्ट मांडीवर घेऊन बसले. मास्तरांच्या दारात चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, "चूक झाली. जुने तिन्ही या डब्यात आणलेत, मी काही टाकत नाही. त्याच भोकांतून परत बसवीन. चौथाही काढून देतो."

मास्तर बाहीकडे बघत राहिले. मी घाईनं वहीतली चिठ्ठी पुढे केली. ती त्यांनी वाचली. मोडी त्यांना येत होती.

"आईनं लिहिलंय," ते म्हणाले. "'यास पुन्हा सुई लावूं नये.' अण्णाला पोहण्याचा बॅज मिळाला, त्याच पावसाळ्यात तो गेला. आईनं त्या दिवशी नखांनी उसवला तो. कसा होता ते मी विसरलो होतो." त्यांनी लाटांवरून बोट फिरवलं. मग अप्पांना म्हणाले, "आत या. उभे काय राहिलात? तीन जुने बसवा. हा असू दे."

अप्पा उंबऱ्याच्या आत गेले. मी बाहेरच राहिलो, मला कुणी बोलावलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात प्रदर्शन झालं. मास्तर स्वतः शर्ट घेऊन आले होते, अप्पा शेवटच्या रांगेत बसले होते. प्रमुख पाहुण्यांनी शर्ट निरखून पाहिला आणि लाटांवर बोट ठेवून म्हणाले, "सगळ्यात जुना हा! असं काम आता कोण करतं?" मी अप्पांकडे बघितलं. अप्पा पंख्याकडे बघत होते.

मग मी बोललो. न अडखळता, आयुष्यात पहिल्यांदाच. बॅज कसे बदलतात, जुन्या वस्तूकडे किती बारकाईनं पाहावं लागतं, माणसानं डोळे कसे उघडे ठेवावेत! लोक हसतमुखानं ऐकत होते. हळूहळू जरा जास्तच हसतमुखानं. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "छान. आणि तुझ्या बाहीवरचा कुठला?"

मी बाहीकडे पाहिलं. आदल्या दिवशी माझा नवा पांढरा शर्ट मी इस्त्रीसाठी पुढच्या खोलीतल्या खुंटीवर टांगला होता. त्याच्या बाहीवर, मधोमध, अण्णाच्या शर्टावरून उसवलेला तो यंत्राचा चकचकीत निरीक्षकाचा डोळा होता. पुरता उघडा. माझ्याकडे बघत.

मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. अप्पांनी हात पसरले.

"चिठ्ठी नव्हती रे."