पांढऱ्या सदऱ्यातले फवारणीचे सर

आमचे फवारणीचे सर विषाचा वर्ग घ्यायला नेहमी पांढराशुभ्र सदरा घालून येत. शिकायला येणाऱ्यांनीही पांढराच सदरा घालायचा, अशी त्यांची अट होती. पाठीवरच्या पंपात ते औषधाऐवजी कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी भरत आणि म्हणत, "मारा आता, रोज मारता तसं." गडी द्राक्षाच्या दोन ओळींमधून फवारत जायचा. तो परत आला की सर त्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. छातीवर, बाह्यांवर, मानेवर निळे ठिपके, एखाद्याच्या तर मिशीवरसुद्धा. सगळे हसायचे, सर मात्र हसत नसत. "हे निळं आहे म्हणून दिसतं," एवढंच म्हणायचे. मग हसणं आपोआप थांबायचं.

परवा तुम्ही दोघांनी फोनवर सांगितलंत की तिकडच्या दुकानात नाशिकची द्राक्षं दिसली, आणि आजोबांची द्राक्षंही इतक्या लांब यायची का असं विचारलंत. यायची. पण ती गोष्ट सरांना वगळून सांगता येत नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

सर शेतीखात्यातून निवृत्त झाले होते आणि देवळाली कॅम्पला राहत. दोन बस बदलून ते दिंडोरी रस्त्यावरच्या आपल्या मळ्यात यायचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथली द्राक्षं परदेशी जाऊ लागली होती. तिकडचे घेणारे म्हणू लागले की बागेत फवारणारा माणूस शिकलेला हवा आणि त्याच्याकडे तसं प्रमाणपत्र हवं. तोवर फवारणी ही शिकायची गोष्ट आहे हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ज्याच्या खांद्यात जोर असेल त्याने पंप उचलायचा. मग आपल्या माल भरायच्या शेडमध्ये आसपासच्या मळ्यांतल्या गड्यांसाठी सरांचा वर्ग सुरू झाला. त्यांच्याकडची पुस्तकं इंग्रजी होती, ती मी मराठीत करून द्यायची. माझी मराठी त्यांना चालायची नाही. "वहिनी, 'संरक्षक परिधान' कोण घालतं? हातमोजे लिहा, बूट लिहा." मी मुकाट्याने खोडून पुन्हा लिहायची. सोपं लिहायला मी त्यांच्यापाशी शिकले.

ज्यांना वाचता येत नसे त्यांना ते डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग ओळखायला लावत. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. "औषध म्हणू नका, विष म्हणा," हे तर प्रत्येक वर्गात एकदा यायचंच. एकदा एक जण म्हणाला, "सर, विष म्हणलं तर बायको कामाला धाडायची नाय." सर लगेच म्हणाले, "मग बायकोलाच घेऊन या."

सगळ्यांना ती थट्टा वाटली, पण त्यांनी तो नियमच करून टाकला. गड्याची बायको एक दिवस वर्गाला बसल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र नाही. वरून असा काही हुकूम नव्हता. सरांचं म्हणणं असं, की फवारणारा विष अंगावर घेतो आणि घरी जाऊन बायकोच्या हातात देतो, कारण ते कपडे तीच धुते. तेव्हा कपडे वेगळे कसे भिजवायचे, पोरांच्या कपड्यांपासून लांब कसे ठेवायचे, हे तिलाच सांगायला हवं. बाया पदर तोंडाला लावून लाजत बसायच्या. सर त्यांना हात जोडून नमस्कार करून सुरुवात करायचे.

या नियमामुळेच जयरामची बायको हिराबाई वर्गाला आली. जयराम आपला फवारणीचा गडी. हरसूलच्या बाजूचा, भाताची कामं उरकली की दर वर्षी छाटणीच्या सुमारास तो आणि हिराबाई खाली मळ्यात येत. पंप पाठीवर घेतला की त्याची चाल बदलायची. वाडीवर त्याला पंपवाला म्हणूनच ओळखत. त्या वर्षी त्याचा वर्ग पुरा होत आला होता, फक्त परीक्षा आणि हिराबाईचा दिवस बाकी होता.

सर कपड्यांबद्दल सांगत असताना हिराबाई उठून म्हणाली, "दोन पाण्यानं धुते, तरी वास जात नाय. आन् ह्याच्या अंगाचा बी जात नाय."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "अंगाचा म्हणजे?"

मागून जयराम ओरडला, "ए, बस खाली! काय बी बोलती, सर."

हिराबाई बसली नाही. "फवारून आला का भाकर खात नाय. डोकं धरून बसतो. तोंडाला सारखी लाळ सुटते. समोरचं पुसट दिसतं म्हनतो."

सर जयरामला उजेडात घेऊन गेले, त्याची हनुवटी वर करून डोळे पाहिले. मग अगदी हळू म्हणाले, "जयराम, आजपासून पंपाला हात लावायचा नाही." आणि मला म्हणाले, "वहिनी, जीप काढायला सांगा."

दवाखान्यात रक्त तपासलं. विष थोडं थोडं करून अंगात साठत गेलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की असंच चालू राहिलं असतं तर हा माणूस एखाद्या दिवशी बागेतच कोसळला असता. हंगामभर फवारणीपासून लांब ठेवा.

जयरामचा जीव वाचला, पण बाग ऐन भरात होती आणि घेणाऱ्यांचा माणूस पाहणीला येणार होता. आजोबा सरांना म्हणाले, "त्याचं प्रमाणपत्र देऊन ठेवा. कागदावर जयराम राहील, फवारायला मी दुसरा गडी लावतो."

"दुसरा गडी म्हणजे दुसरा जयराम," सर म्हणाले.

"मग फवारायचं कुणी?"

"नाना, बाग कुणाची आहे?"

 दुसऱ्या दिवशी आजोबा पांढरा सदरा घालून वर्गात जाऊन बसले. सरांच्या नियमाप्रमाणे मालकाच्या बायकोलाही सुटका नव्हती. मी हिराबाईच्या शेजारी बसले. कपडे पिळताना पाणी अंगावर उडू नये म्हणून काय करायचं ते तिनेच मला दाखवलं.

परीक्षेत सर पंपाच्या नळीच्या तोंडात गुपचूप वाळूचा खडा अडकवून ठेवत. पाणी येईना तेव्हा आजोबांनी नळीच्या तोंडावरची चकती काढली, ओठांना लावली आणि जोरात फुंकली. सगळे तसंच करत आले होते.

"नापास," सर म्हणाले.

तिकडे वेलींखालून कुणीतरी मोठ्याने हसलं. बायांच्या बरोबरीने घडातले मणी विरळायला बसलेला जयराम होता तो. कित्येक दिवसांत हसला नव्हता. "मालक, सराव करताना मी बी दोनदा असाच नापास झालो!"

"सर, मालकाला तरी सोडा की," कुणीतरी म्हणालं.

"विष विचारतं का कोण मालक ते?"

पुढच्या खेपेला आजोबांनी जुन्या ब्रशने चकती साफ केली आणि पास झाले. त्या हंगामात त्यांनी स्वतः फवारलं. हातमोजे, बूट, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. बाया म्हणायच्या, नाना चंद्रावर निघाले. तो पाहणीचा माणूस येऊन गेला आणि द्राक्षं परदेशी गेली.

जयराम मात्र सरांशी बोलेना. बायांच्यात बसवलं, हे त्याच्या मनातून जाईना. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी परवानगी दिली, तो परीक्षा पास झाला, पण प्रमाणपत्र घेताना त्याने हात पुढे केला आणि नजर खाली ठेवली. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्याचं नाव पुकारलं. कुणाचा राग त्यांनी कधी मनावर घेतला नाही. आपल्या मळ्यातली इतकी माणसं धडधाकट म्हातारी झाली, त्यांच्या म्हातारपणात सरांचा वाटा आहे, असं मी आजही मानते. त्यात तुमचे आजोबाही आले.

पुढे सरांचे गुडघे दुखू लागले आणि बसचा प्रवास बंद झाला. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. आम्ही देवळाली कॅम्पला त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर जयराम आणि हिराबाई हरसूलहून आमच्या आधीच येऊन बसले होते. सरांच्या पत्नींसाठी त्यांनी घरचे तांदूळ आणले होते. जयरामच्या डोक्यावरचे केस पार पांढरे झाले होते. 

जयराम सरांच्या पत्नींना म्हणाला, "बाई, मी सरांवर लय रागावलो व्हतो. दोन वरसं धड बोललो नाय त्यांच्याशी. माफी मागायची ऱ्हाऊनच गेली."

हिराबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तांदळाच्या पिशवीची गाठ सोडता सोडता म्हणाली, "रागवाया तरी ऱ्हायलास ना."