साडेतीन वितींचं कार्डिगन

"अवं, सोडवा मले! पोलिसानं धरल्यावानी झालं हे! सोडवा!"

मामाजी अंगणाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. मामाजी म्हणजे माझे सासरे, सौसरच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. मी विणलेलं नवंकोरं कार्डिगन त्यांच्या खांद्यापर्यंत चढलं होतं आणि तिथंच अडलं होतं. त्यामुळे दोन्ही हात मागे ओढले गेलेले. पुढचे दोन पल्ले छातीवर एकमेकांना भेटायचे सोडून भांडण झाल्यासारखे दोन बगलांत जाऊन बसले होते. आणि बाह्या! बाह्या बोटांच्या पुढे हातभर लोंबत होत्या. मामाजींचा हात आत असूनही एकेका बाहीत शेरभर संत्री सहज मावली असती.

सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "ओरडता काहून? हात सैल सोडा."

एक बाही त्यांनी धरली, एक मी, आणि आम्ही दोघींनी असा हिसका दिला की मामाजी गरकन फिरून हौदाला जाऊन टेकले. मामाजींच्या त्या आरोळीनं शेजारची म्हैस दोन दिवस दुधाला आटली म्हणतात. कार्डिगन निघालं. मामाजींनी ते उन्हात धरून उलटसुलट पाहिलं.

"सूनबाई, हे कोनाच्या मापाचं हाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहगावच्या एका शाळेचं गॅदरिंग होतं. मामाजी प्रमुख पाहुणे. सुनेच्या हातचं कार्डिगन घालून स्टेजवर बसणार, हे त्यांनी पानठेल्यापासून पलीकडच्या रामाकोना गावापर्यंत भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं.

चूक माझी होती. आणि चुकीच्याही आधी थाप माझी होती.

लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा आत्याबाईंनी विचारलं होतं, "पोरीले विनकाम येते का?" माझी आई "थोडंथोडं" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोलून गेले, "पन्नासेक स्वेटरं झाली असतील." आईला चहाचा ठसका लागला. खरं सांगायचं तर स्वेटरं सगळी आईची. ती सुया हातात घेऊन झोपली तरी सकाळी एखादा मोजा तयार असायचा. मला सुलट आणि उलट, एवढे दोनच टाके येत. आयुष्यात एकच मफलर मी विणला होता. तो चार बोटं रुंदीनं सुरू झाला आणि शेवटाकडे त्यात दोन माणसं झोपली असती.

ऐंशीच्या दशकातली ती माझी सासरची पहिली थंडी. संत्र्याच्या बागांवरून असा वारा यायचा की दात वाजलेले पलीकडच्या गल्लीत ऐकू जात. एका दुपारी मामाजी स्वतः बाजारात जाऊन चॉकलेटी लोकर घेऊन आले आणि लच्छ्या माझ्या पुढ्यात ठेवल्या. "साधं नको. मधून वेन्या पाहिजे."

"हाओ, मामाजी," मी म्हणाले. वेणी म्हणजे टाके एकमेकांवरून नेऊन घातलेला पीळ, तो मला कुठला येतो? त्या हाओनं माझं वाटोळं केलं.

माझा नवरा पांढुर्ण्याला एका ऑफिसात होता, रोज बसनं अप-डाऊन करायचा. माझं माहेरही पांढुर्ण्यातच, बसस्टँडच्या मागे. मी सकाळी त्याच्या डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या खाली, लोकर लपवून द्यायची. आई पाठ आणि पुढचे पल्ले विणणार, बाह्या मी. बाहीत वेणी नव्हती, म्हणून तेवढं मला झेपणार होतं. जावई रोज दारात आला की आई त्याला जेवल्याशिवाय सोडत नसे, आणि घरचा डबा टाकून कसा द्यायचा, म्हणून तो तोही संपवायचा. महिनाभरात त्याच्या पँटच्या गुंड्या तुटून बसभर उडायला लागल्या.

राहिलं माप. सासऱ्याच्या अंगाला टेप लावणं तेव्हा सुनेला शोभत नसे. मी त्यांच्यापुढे डोक्यावर पदर घेऊनच उभी राहायची, छातीचा घेर कसला मोजते? म्हणून दोरीवर वाळत घातलेली त्यांची बंडी मी वितीनं मोजली आणि नवऱ्याला पाठ करायला लावलं, "साडेतीन वीत घेर, साडेतीन वीत घेर." त्यानं बसमध्ये ते जपासारखं म्हणत नेलं आणि आईला अचूक सांगितलं.

आईनंही अचूक साडेतीन वीत विणलं. फक्त स्वतःच्या.

आता, मी गेले वडिलांवर. सौसरच्या बसमध्ये मला मान वाकवून उभं राहावं लागे, आणि माझ्या पंज्यात अख्खं टरबूज बसायचं. आई मात्र एवढीशी, संत्र्याच्या पेटीत गवत घालून ठेवली तर वर झाकण लागलं असतं. तिची साडेतीन वीत म्हणजे माझी अडीचसुद्धा नाही.

बाह्यांची तऱ्हा वेगळी. मला टाके बंद करायला येत नव्हतं. विणायचं कसं ते माहीत होतं, थांबायचं कसं ते नाही. नवरा माहेरून शिकून येईपर्यंत बाही वाढतच राहिली. दोन दिवसांनी त्यानं पेन्सिली घेऊन मला टाके बंद करणं दाखवलं, आईपेक्षा चांगलं.

आत्याबाईंना संशय आला नव्हता असं नाही. एकदा डब्यातून पाठ आली तशी मी ती मांडीवर घेऊन बसले. त्यांनी निरखून पाहिलं.

"आत्ता तर बाहीच होती तुह्या हातात. हे कधी केलं?"

"तुम्ही पूजेला बसल्या होत्या नं, तेवढ्यात."

"पूजेत?"

"आज आरती जरा लांबली, आत्याबाई."

त्यांनी पाठ नाकाशी नेली. "ठेच्याचा वास येऊन राहिला," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

तर ते कार्डिगन अंगणात, आणि मोहगाव उद्यावर. मामाजी ओसरीवर जाऊन बसले. गावभर सांगून बसलेल्या माणसाला उद्या जुनी शाल पांघरून जावं लागणार होतं, आणि विचारणारे विचारणारच होते.

शेवटी आत्याबाईंनीच रस्ता काढला. "बाह्या बेज्या लांब झाल्या, तर त्यातलं काढून बगलेत घाल." त्यांनी आयुष्यात विणायची सुई धरली नव्हती, पण चोळीला ठिगळ लावणाऱ्या बाईला अक्कल शिकवावी लागत नाही. आम्ही बगलेची शिवण उसवली. बाह्या वरून हातभर उकलल्या. उकललेली लोकर शेवयांसारखी कुरळी झाली, तेव्हा आत्याबाईंनी उकळत्या पातेल्याच्या वाफेवर धरून ती सरळ केली. मी उन्हात बसून दोन पट्ट्या विणायला घेतल्या. बोटं अशी चालली की सुयांतून धूर निघाला. निदान मला तरी दिसला.

"वेनी घाल नं त्यात," आत्याबाई म्हणाल्या.

"बगलेत वेणी टोचते."

"हाओ का," म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दिवस मावळायच्या आत कार्डिगन मामाजींच्या अंगावर बसलं. पट्ट्या थोड्या लाटालाटांच्या झाल्या होत्या, पण हात खाली सोडले की झाकल्या जात. मामाजी आरशासमोरून हलेचनात.

मोहगावला मांडव भरलेला. आमच्याकडे थंडीत बायका कीर्तनालासुद्धा सुया घेऊन जातात, इथं तर गॅदरिंग. अर्ध्या खुर्च्यांवर विणकाम चाललं होतं. मामाजी भाषणाला उभे राहिले, मुलांना अभ्यासाचं दोन मिनिटं सांगितलं आणि मग दहा मिनिटं कार्डिगनवर बोलले. "हे माझ्या सुनेनं आठ दिवसांत विणलं. एकटीनं!" एवढी थाप मीसुद्धा मारली नव्हती. टाळ्या पडल्या. मी आत्याबाईंच्या मागे दडायला पाहिलं, पण मी मावणार कुठं?

कार्यक्रम संपला तसा बायकांनी मला घेरलं. एक शिक्षिका सुयांवर चढवलेले टाके घेऊनच आली. "ताई, ही वेणी मले जमूनच नाही राहिली. एक घालून दाखवा." आणि सुया माझ्या हातात.

"इथं उजेड कमी आहे," मी म्हणाले. मांडवाबाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"इकडं या मंग, उन्हात."

पंधरा-वीस बायका माझ्या बोटांकडे पाहत होत्या. तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं, "येते का नाही? का मास्तरच फेकून राहिले होते?"

मामाजी तिथंच चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. माझी फजिती मी कितीही गिळली असती, पण ती आता त्यांच्या अंगावर चालली होती.

"मामाजींना माहीत नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "बाह्या माझ्या, बगलेच्या पट्ट्या माझ्या. बाकी सगळं पांढुर्ण्याच्या माझ्या आईनं विणलं. मला वेणी येत नाही."

त्या शिक्षिकेनं माझ्या हातातून सुया काढून घेतल्या. "तर मग तुमच्या माईचा पत्ता द्या," ती म्हणाली, आणि सगळ्या जणींनी तो लिहून घेतला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी, मधे आत्याबाई, पलीकडे मामाजी. बाहेर उतरतीचं ऊन होतं, आणि बसच्या फटीफटीतून गार वारा आत शिरत होता. शेवटी मलाच राहवलं नाही.

"मामाजी, माझ्यामुळं चारचौघांत तुमची मान खाली गेली. बोलणी चालली होती तेव्हा पन्नास सांगितली, पण मी एकही स्वेटर विणलं नव्हतं. तुम्ही म्हणाल तर हे कार्डिगन मी उद्याच उकलून टाकते."

मामाजींनी गळ्यापर्यंत लावलेल्या गुंड्यांवरून हात फिरवला. एकही काढली नाही.

"गरम होऊन राहिलं," ते म्हणाले. "खिडकी उघड."