धाकूचा सूर

तीस मेच्या सकाळी धाकूने पेडण्याच्या संग्रहालयाच्या अंगणात शंभर खुर्च्या मांडल्या. मग सर्वेशबाबांनी सांगितले म्हणून त्या उलट्या दिशेला फिरवल्या आणि जेवणाआधी पुन्हा होत्या तशा लावल्या. गुडघे कुरकुरायला लागले होते. साठीला एक दिवस उरलेल्या माणसाचे गुडघे आणखी काय करणार?

सर्वेशबाब हे पणजीहून आलेले अधिकारी. व्हरांड्यात पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हातखंडा. गोवा घटक राज्य झाल्याला दहा वर्षे झाली म्हणून तालुक्याच्या या छोट्या संग्रहालयात जॅझ नावाचे संगीत होणार होते. पेडण्यात दशावतार रंगतो, भजन रंगते. इथे जॅझ कुणाला सुचले, देव जाणे. धाकूला त्याचे सोयरसुतक नव्हते. उद्या एकतीस तारीख. उद्या तो शिपायाच्या नोकरीतून निवृत्त होणार होता, आणि त्याआधी संग्रहालयाच्या प्रमुख विनोदिनीबाय यांच्याकडून त्याला एक काम करून घ्यायचे होते. ते काम त्याच्या पिशवीत, धुवट फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते.

संग्रहालयाच्या आतल्या खोलीत काचेचे एक कपाट आहे. त्यात एक सनई आहे आणि खाली चिठ्ठी : ‘देवळातील सनई. वादक : कृष्णनाथ, पार्से.’ कृष्णनाथ हा धाकूचा थोरला भाऊ. बापाने थोरल्याच्या हाती सनई दिली आणि धाकट्याच्या हाती सूर. सूरही दिसायला सनईसारखाच, पण त्याची भोके मेणाने बुजवलेली. त्यातून एकच स्वर निघतो आणि तो तुटू द्यायचा नाही. गालांत हवा साठवून नाकाने श्वास घ्यायचा, सनईवाला कुठेही हिंडून येवो, त्याला परतायला घर उघडे ठेवायचे. रिवाज असा की सूर आधी लागतो आणि शेवटी थांबतो. सनई संपली तरी पालखी देवळात टेकेपर्यंत सूर चालूच.

अठ्ठावीस वर्षे धाकूने तो धरला. लग्नाची सुपारी यायची ती ‘कृष्णनाथाक सांगा’ अशी. कृष्णनाथ निघाला की धाकू निघालाच, हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही. एकदा अंगात ताप फणफणत असताना तो जत्रेला उभा राहिला, आणि लोक म्हणाले, काय वाजवतो कृष्णनाथ! खरेच वाजवायचा. धाकूला त्याचा हेवा कधी वाटला नाही. थकवा मात्र यायचा, आणि तो सांगावा कुणाला? तोंडात सूर असलेल्या माणसाला बोलता येत नाही.

मग कृष्णनाथ छातीच्या दुखण्याने गेला. देवळात विजेवर वाजणारा नगारा आला. बटण दाबले की काम झाले. सनई संग्रहालयाने मागून नेली. धाकूचा सूर कुणी मागितला नाही. तो त्या वेळी नुकताच तिथे शिपाई म्हणून लागला होता. तेव्हापासून रोज सकाळी तो भावाच्या नावावरची काच पुसायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याने धीर करून विनोदिनीबायला विचारले होते. बाय मनाने वाईट नाही. म्हणाली, “धाकू, एका प्रकारची एकच वस्तू ठेवायची असा नियम आहे. दोन्ही सारख्याच दिसतात. तरी पाहते हं.” सरकारी ‘पाहते’ला अंत नसतो. तेव्हापासून सूर रोज पार्श्याच्या घरून पिशवीतून यायचा आणि रोज पिशवीतून घरी जायचा.

तिन्हीसांजेला माणसे जमली. सर्वेशबाबांनी धाकूला व्हरांड्यातल्या बटणांपाशी उभे केले. “हे बघ, शेवटची धून संपली, टाळ्या झाल्या की अंगणातले दिवे घालवायचे आणि फाटकावरची ‘दहा वर्षे’ची रोषणाई लावायची. त्या क्षणाला. कळलं?”

“व्हय,” धाकू म्हणाला.

चौघे वादक होते. सॅक्सोफोनवाला पुढे. मागे, आंब्याच्या बुंध्याशी, माणसाहून उंच असे व्हायोलिनसारखे वाद्य मिठीत धरून एक टकल्या म्हातारा उभा होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हते. आधी त्यानेच सुरुवात केली : धम्, धम्, संथ, खालून. मग सॅक्सोफोन त्यावर चढला. धाकूने बटणांवरचा हात खाली घेतला आणि भिंतीला टेकला. हे त्याच्या ओळखीचे होते. पुढचा खुशाल उधळत होता, लोक माना डोलवत होते, आणि मागचा म्हातारा घामाने निथळत जागचा हलत नव्हता. धाकूचे स्वतःचे गाल नकळत फुगले. आपल्याला रडू येईल असे त्याला वाटले, आणि या वयात या खुर्च्यांसमोर रडायचे म्हणजे शोभा व्हायची.

शेवटच्या धुनीत सॅक्सोफोनवाल्याने लांब तान घेतली, वाद्य खाली घेतले आणि वाकून नमस्कार केला. टाळ्यांचा पाऊस पडला. सर्वेशबाबांनी हात वर केला. धाकू हलला नाही. त्यांनी पुन्हा हात केला, डोळे वटारले. टाळ्यांच्या खाली म्हातारा अजून वाजवत होता. टाळ्या विरल्या तेव्हा ते सगळ्यांना ऐकू आले. चार ठोके, तीन, मग एक, आणि मग तारेवर हात ठेवून त्याने तो थांबवला. तेव्हा कुठे धाकूने बटण दाबले.

सर्वेशबाब तरातरा आले. “बहिरा आहेस काय रे? साऱ्या कार्यक्रमाचा विचका केलास!”

त्यांच्या पाठोपाठ तो म्हातारा येत होता. त्याचे नाव कायतान. “तुमी दिवे बंद कित्याक करूंक नात?” त्याने विचारले. रागाने नव्हे.

“तुमचो सूर चालू आसलो,” धाकू म्हणाला. “सनय आदीं रावता, सूर मागीर रावता. आमचो तसो रिवाज.”

कायतान सर्वेशबाबांकडे वळून म्हणाला, “चाळीस वर्सां वाजयतां. पयल्यांदाच कोणें तरी रावून आयकलें.”

यावर सर्वेशबाबांना पाहुण्यांची आठवण झाली आणि ते फाटकाकडे गेले. धाकूने पिशवी उघडली. कायतानने सूर हातात घेतला, बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवले. धाकूने त्याला आत कपाटासमोर नेले. त्याने चिठ्ठी वाचली आणि मागोमाग आलेल्या विनोदिनीबायला सरळ विचारले, “आनी हाचें नांव खंय आसा?”

बायचा चेहरा पडला. “धाकू, उद्या सकाळी आधी हेच काम करू.”

दोन वर्षांत धाकू पहिल्यांदा तिला अडवून बोलला. “फाल्यां नाका, बाय. आतांच.”

तिने किल्ली काढली. सूर सनईशेजारी ठेवला गेला. चिठ्ठीला कागद नव्हता, म्हणून तिने निमंत्रणपत्रिकेची पाठ घेतली आणि लिहिले : ‘साथ : धाकू.’

“साथ नाका,” तो म्हणाला. “सूर बरयात.”

तिने ‘साथ’ खोडले आणि वर ‘सूर’ लिहिले. कार्ड खाडाखोडीचेच राहिले. धाकूने काच पुसली, मग बाहेर जाऊन शंभर खुर्च्या एकावर एक रचल्या.

घरी त्याची बायको शेवंता पेज वाढून वाट पाहत होती. तिने सवयीने त्याच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि तिथेच थबकली. अंग चेपून पाहावे तशी तिने ती दोन्ही हातांनी चाचपली.

“सूर खंय?”

“दवरून आयलों. भावाच्या कुशीक.”

तिने रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, “भाव गेल्याक आठ वर्सां जालीं. तुमी आजून धरून आसलात.”

“पालखी टेंकूंक नासली,” धाकू म्हणाला, आणि पेजेच्या ताटासमोर बसून त्याने तोंडाने, छाती भरून, श्वास घेतला.