उत्तर सांगेल त्याने पोहे आणावेत

काही घरांत पितळेची भांडी साठतात, काही घरांत दिवाळी अंक. आमच्याकडे किस्से साठले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत, पण दिल्लीच्या द्वारकेत आजही कुणाकडे मराठी मंडळी जेवायला जमली की ताक वाढायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "काकू, तो संत्र्याचा सांगा ना!" मी सांगते, पण सगळ्यात शेवटी. आधी सांगितला तर बाकीचे किस्से कुणी ऐकत नाही, हा अनुभव आहे.

तेव्हाची द्वारका म्हणजे अर्ध्या इमारती उभ्या आणि अर्धी धूळ. मेट्रो यायची होती. नवऱ्यांना मानेसर-गुडगावच्या नव्या कंपन्यांत नोकऱ्या लागल्या म्हणून आम्ही पुण्या-मुंबईहून उठून इथे आलो. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, मुलांच्या शाळेत इंग्रजी. केबलवर हवे तेवढे चॅनेल, घराघरात कॉर्डलेस फोन, फक्त नळाला पाणी नव्हतं!

आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

*

माझा मुलगा ओंकार तेव्हा तिसरीत. सायन्सच्या टेस्टमध्ये प्रश्न होता, 'पाण्याचे तीन स्रोत लिहा.' चिरंजीवांनी लिहिलं, 'सकाळचा टँकर, संध्याकाळचा टँकर आणि भांडण झालं तर खालच्या आंटींचा ड्रम.'

मार्क शून्य. वर लाल पेनाने भलीमोठी फुली.

मी म्हटलं, "अरे, नदी, विहीर, पाऊस असं लिहायचं असतं."

तो शांतपणे म्हणाला, "आई, मी तर जे बघितलं ते लिहिलं. तू इथे विहीर बघितलीस का?"

मी नव्हती बघितली. फुलीचा राग आला आणि पोराचा अभिमान वाटला, दोन्ही एकदम. त्याच आठवड्यात मी जाहीर केलं की रविवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये सतरंजी घालायची, मुलांनी सायन्सचे प्रश्न आणायचे आणि जमेल तेवढं आधी बघायचं, मग लिहायचं. गाड्या तेव्हा सोसायटीत मोजक्याच होत्या, जागा भरपूर होती.

*

मुलं आली. पंचाईत अशी झाली की त्यांच्या मागून बापही आले!

पहिल्याच रविवारी रेहानने प्रश्न वाचला, "पाने हिरवी का असतात?" रेहान म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या शेखांचा मुलगा, अखंड बडबड्या. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा नवरा शेखर उभा राहिला आणि क्लोरोफिलपासून जो सुटला तो थेट ऑक्सिजनपर्यंत गेला. शेखर मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. मध्येच त्याला दुरुस्त करायला फ्रान्सिस उठला. हा आमचा वसईचा शेजारी, गुडगावला कॉम्प्युटर कंपनीत. दोघांची अशी जुंपली की मुलं कधी उठून लपाछपी खेळायला गेली ते त्यांना कळलंही नाही.

मी तिथल्या तिथे नियम केला. "मुलाच्या आधी जो मोठा माणूस उत्तर सांगेल, त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी पोहे करून आणायचे. स्वतः! बायकोने केलेले चालणार नाहीत."

शेखर हसला. "एवढंच ना?"

त्या वर्षात त्याने इतक्या वेळा पोहे केले की दिवाळीला सासूबाई आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "तू राहू दे गं. तो करेल. त्याच्या हाताला चव आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हाताबद्दल हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही!

*

ह्याच सुमारास मुग्धा आली. तिचे वडील सांगलीकडून बदली होऊन मानेसरला आले होते. तिथे मराठी शाळेत वर्गात पहिला नंबर असायचा पोरीचा. इथे तिसरीत घातली आणि तिचा आवाजच गेला. घरी बोलायची, शाळेत अक्षर नाही.

शाळेने शेवटी सांगून टाकलं. मार्चमध्ये सायन्सची तोंडी परीक्षा होईल. त्यात बोलली तर चौथीत, नाही बोलली तर पुन्हा तिसरी.

तिची आई सुनंदा माझ्याकडे येऊन रडली. "काकू, हिला सगळं येतं हो. पण त्यांना कसं कळायचं?"

मी म्हटलं, "रविवारी घेऊन ये. बोलायची सक्ती नाही."

मुग्धा आली. आईला चिकटून बसली. काही सुचलं की ती आईच्या कानात सांगायची आणि सुनंदा मोठ्याने बोलायची, "ती म्हणतेय की..." आमच्या पार्किंगमध्ये हे इतकं रुळलं की मुलं प्रश्न विचारून मुग्धाकडे बघायची आणि उत्तरासाठी सुनंदाकडे. सुनंदाला मात्र दर रविवारी एकच धास्ती. परीक्षेच्या खोलीत मुलीच्या शेजारी तिचा कान नसणार होता.

*

आता मुगाचा किस्सा. प्रत्येकाने कपात ओल्या कापसावर मूग ठेवून मोड आणायचे होते. सगळ्यांचे आले, रेहानचे नाही आले. शेखरला हुरूप आला. त्यांच्या फॅक्टरीत काही बिघडलं की सलग 'का, का' विचारत मुळाशी जायची पद्धत आहे. तो म्हणाला, "मी उत्तर सांगणार नाही. फक्त विचारणार. का नाही उगवले?"

"पाणी नव्हतं," रेहान म्हणाला.

"पाणी का नव्हतं?"

"टँकर नाही आला."

"टँकर का नाही आला?"

"ऑर्डरच नाही गेली. सोसायटीची मीटिंग अर्ध्यात तुटली ना."

शेखर रंगात आला होता. "मीटिंग का तुटली?"

"झगडा झाला."

"बिल्कुल! आणि झगडा का झाला?"

रेहानने निरागसपणे वर बघितलं. "काका, तुम्हीच तर सेक्रेटरी अंकलवर ओरडलात!"

फ्रान्सिस सतरंजीवर आडवा झाला. मी मात्र रेहानच्या पाठीवर थाप मारली. पोरगं मुळाशी पोचलं होतं की नाही?

*

आमच्याकडे एक संतोष यायचा. लातूरकडचा, राजेंद्रनगरला खोली घेऊन यूपीएससीची तयारी करायचा आणि रविवारी घरचं जेवण मिळतं म्हणून दोन बस बदलून द्वारकेला यायचा. अत्यंत हुशार मुलगा. पण परीक्षेच्या अभ्यासाने त्याला साधं बोलताच येईनासं झालं होतं. "भाजी आवडली का?" विचारलं तरी दोन बाजू मांडून समारोप करायचा!

एका रविवारी ओंकारने प्रश्न आणला, "चंद्र दिवसा दिसतो का?"

संतोष म्हणाला, "ह्याचे काही पैलू आहेत." आणि सुरू झाला. पृथ्वीचं फिरणं, चंद्राच्या कला, सूर्यप्रकाश, वातावरण. सगळं बरोबर, ओळीने. शेवटी म्हणाला, "थोडक्यात, अनुकूल परिस्थितीत दिसू शकतो."

सुनंदाच्या कानाशी कुजबुज झाली. सुनंदा जरा संकोचून म्हणाली, "ती म्हणतेय की, दादा, वर बघा ना."

आम्ही सगळे पार्किंगच्या बाहेर आलो. पाण्याच्या टाकीच्या वर, निळ्या आभाळात, खडूने काढावा तसा चंद्र होता. भाषण सुरू झालं तेव्हाही तो तिथेच असणार.

संतोष बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, दंड मान्य आहे, पण माझ्या खोलीवर गॅस नाही." आम्ही बायकांनी निकाल दिला की त्याने कांदे चिरावेत. पुढच्या रविवारी एवढा शिकलेला मुलगा ढसाढसा रडत कांदे चिरत होता आणि मुलं कांद्याने पाणी का येतं ह्यावर चर्चा करत होती. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. एक शब्द बोलला नाही!

*

जानेवारीत संतोषच्या मावशीने नागपूरहून संत्र्यांची पेटी पाठवली. त्याने ती सरळ पार्किंगमध्ये आणली. मुलांना तेव्हा तरंगणं-बुडणं हा धडा चालू होता, म्हणून मी बादली भरून ठेवली. संत्रं तरंगेल की बुडेल?

ओंकारने टाकलं, तरंगलं. रेहानने टाकलं, तरंगलं. तेवढ्यात फ्रान्सिसने खायला सोललेलं आपलं संत्रं गंमत म्हणून टाकलं. ते गपकन तळाला!

"अरे, माझंच का बुडलं?"

मुलं बादलीवर तुटून पडली. "काकांचं जड आहे!" "नाही यार, छिलका काढला तर हलकं होणार ना?" "मग हलकं बुडतं आणि भारी तरंगतं? ये कैसे?"

सगळ्या बापांना उत्तर माहीत होतं. शेखरने तर तोंडावर हात धरला होता. पोह्यांची दहशत!

सुनंदाच्या कानाशी कुजबुज सुरू झाली. ह्या वेळी ती बरीच लांबली. सुनंदा म्हणाली, "ती म्हणतेय की, तिचे बाबा कृष्णेत पोहायला शिकले तेव्हा पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे. डबा असला की वर, काढला की खाली. तशी ही साल म्हणजे संत्र्याचा डबा आहे. आत हवा असणार."

मग रेहानने सालीचा तुकडा पाण्याखाली धरून दाबला. त्यातून बारीक बारीक बुडबुडे वर आले.

मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की मी फक्त मुग्धाच्या केसांवरून हात फिरवला. बोलले असते तर रडले असते. आणि मनात एकच विचार, हे सगळं ह्या पोरीच्या पोटात आहे आणि मार्च जवळ आला आहे.

*

मार्च आला. सुनंदा म्हणाली, "काकू, तुम्ही चला. मला एकटीने नाही जमायचं."

सायन्सच्या मॅडम वाईट नव्हत्या. कडक होत्या आणि थकलेल्या होत्या. वर्गाबाहेर अजून बरीच मुलं ताटकळत होती. आम्हाला त्यांनी मागच्या बाकावर बसवलं आणि मुग्धाला समोर उभं केलं.

पहिला प्रश्न झाला. मुग्धा गप्प. दुसरा झाला. गप्पच. सुनंदाने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. मुग्धाने एकदा मागे वळून आईच्या कानाकडे बघितलं. तो फार लांब होता.

मॅडमनी चष्मा काढला आणि आवाज मऊ केला. "अच्छा, आसान वाला. संतरा पानी में डालो तो तैरेगा या डूबेगा?"

मुग्धाचे डोळे चमकले. मी ते बघितलं. ओठ हलले, पण आवाज नाही. ती विचार करत होती. आमच्याकडे विचार करणाऱ्याला कुणी घाई करत नाही. पण हे मॅडमना कसं ठाऊक असणार? त्यांनी थोडं थांबून बघितलं, घड्याळाकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि पेन उचललं.

"तैरेगा, बेटा. संतरा तैरता है."

आणि मुग्धा बोलली. त्या शाळेतलं पहिलं वाक्य, खणखणीत!

"मैम, आपने आन्सर बता दिया! अब संडे को पोहा आपको लाना पड़ेगा."

सुनंदाने डोळे मिटून घेतले.

"क्या?" मॅडम म्हणाल्या.

"सबके लिए. खुद बनाके." मग तिला काहीतरी आठवलं. "और मैम, कौन सा संतरा? छिलके वाला या बिना छिलके का?"

मॅडम म्हणाल्या, "संतरा तो संतरा होता है."

"नहीं, मैम," मुग्धा म्हणाली आणि दोन पावलं पुढे सरकली. "आपने डालके देखा है?"

मॅडमचं पेन तसंच हातात राहिलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. मी कधी नव्हे ते नजर खाली घातली. मग त्यांनी बाहेरच्या मुलांना हाक मारून थांबायला सांगितलं आणि खुर्ची पुढे ओढली. "पहले ये बताओ, संडे को कहाँ, क्या होता है?"

त्या रविवारी आम्ही नेहमीसारखी सतरंजी घालत होतो. गेटच्या बाहेर रिक्षा थांबली. मॅडम उतरल्या. एका हातात स्टीलचा मोठा डबा, दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी. डबा त्यांनी शेखरच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"प्याज़ थोड़ा जल गया है," त्या म्हणाल्या.

मुग्धा धावत पुढे गेली आणि तिने तोंड उघडलं, तशी मॅडमनी घाईघाईने हात वर केला.

"नहीं नहीं, बताना मत! बाल्टी कहाँ है?"