चावडीवर वाचलेला शब्द

त्या बुधवारी तालुक्याच्या साप्ताहिकाने माझ्या वडिलांना कलीचा अवतार म्हटले. ते चावडीवर मी वाचून दाखवले.

वडील पंचायत समितीचे सभापती होते. दोन मुलांवर थांबा, असे ते गावोगाव सायकलवरून सांगत फिरत. नसबंदीची शस्त्रक्रिया आधी स्वतःची करून घेतली, मग गावातल्या अकरा जणांना शिबिराला नेले. चावडीवर पेपर वाचण्याची पद्धत त्यांनीच पाडली होती. मॅट्रिकला असल्यापासून मी वाचत असे. छापलेले गाळायचे नाही, एवढा एकच नियम.

मी अडखळलो. ते समोरच बसले होते.

"वाच बे, थांबला काऊन?" वडील म्हणाले.

वाचून झाले तसे मागून कोणी म्हणाले, "कली सायकलवर फिरते काय हो?" सगळे हसले. म्हातारे पिंजारी चाचा वडिलांकडे बघत म्हणाले, "आमच्यात त्याले दज्जाल म्हणतात. दुनिया बुडाच्या वक्ताले येते. पण त्याले एकच डोळा राह्यते. दादाले तर चष्म्यासकट चार हायेत!" वडीलही हसले. मला हायसे वाटले.

त्या हिवाळ्यात गावात गोवर आला. शिबिराला गेलेल्या एकाचा एकुलता मुलगा त्यात गेला. मागे एक बहीण राहिली. वडील भेटायला गेले तेव्हा मुलाची आई दारात आडवी उभी राहिली.

"पाय नोका ठेवू. पेपरात खरं छापलं होतं. कलीनं माहा वंश बुडवला."

तिला वाचता येत नव्हते. बायका चावडीवर येतही नसत. माझ्या तोंडून निघालेला शब्द घरोघर फिरत तिच्यापर्यंत पोचला होता.

पुढच्या बुधवारी वडील चावडीवर आले नाहीत. चाचा दोनदा बोलवायला आले. "चला दादा, लोकं इसरतात."

"लोकं इसरतीन," वडील म्हणाले. "तिनं काऊन इसरावं?"

तीन वर्षांनी ते वारले. खांदा द्यायला सुलतानपूरहून नातलग आले. गावातले चाचा आणि आणखी दोघे. साप्ताहिकाने 'लोकसेवक हरपला' असे छापले. तो अंक मी कोणाला वाचून दाखवला नाही.

आमच्या घराला अजून कलीचे घर म्हणतात. नवा पोस्टमन आला की मीही तोच पत्ता सांगतो.