काकूनं परदेशातही पारा जमवला

मैत्रिणींनो, माझी साठीतली काकू व्हिएतनाम एकटी फिरून आज रायपूरला परतली. मीही एकटीच जाणार आहे, म्हणून विचारलं, "काकू, भीती नाही वाटली?"

"काहून भिऊ? हॉटेलसमोर एक चहावाली होती. रोज निघताना तिले नकाशावर बोट ठेवून सांगायची, इथं चालली. परत आली की तोंड दाखवायची. एकदा उशीर झाला, तर हॉटेलवाल्याले घेऊन रस्त्यात उभी होती बिचारी!"

रायपुरात मोहल्ल्याले पारा म्हणतात. आपल्या ब्राह्मणपाऱ्यात "कुठं चालली वं?" ऐकलं की माझं डोकंच फिरते. काकूनं तोच प्रश्न परदेशात मुद्दाम मिळवला. मानलं बाईले!

आत्ता घरी येताना शेजारच्या मावशीनं विचारलंच, "कुठं गेली होती वं?" आज थांबून सगळं सांगितलं.

सांगा, परक्या गावात तुमची वाट पाहणारं कोण असते?